‘गो बॅक’ म्हणणारा पक्षी

“गो बॅक, गो बॅक, गो बॅक!”

परदेशात कुणी असं तोंडावर ओरडलं तर? मला मात्र हसूच फुटलं. ओरडत होता तित्तिराहून थोराड, गुबगुबीत, तांबूस रेड ग्राऊस. त्याच्या आवाजाला हे शब्द इंग्रजांनीच दिलेत!

एप्रिलचा शेवटचा शनिवार. मुक्काम शेफील्डच्या मित्राकडे. “शॉपिंग कॅन्सल, आज तुला मूर दाखवतो,” म्हणत त्याने भल्या सकाळी ट्रेनमध्ये कोंबलं. हॅदरसेजला उतरलो, तासाभराहून जास्त चढलो आणि पोहोचलो स्टॅनेज एजवर. जवळपास सहा किलोमीटर लांब दगडी कडा, माथ्यावर नजर पोहोचेल तिथवर मूर. म्हणजे आपलं सासवडकडचं माळरानच, फक्त ओलं आणि गारठलेलं. हेदरची झुडपं अजून तपकिरी (ती जांभळी होतात ऑगस्टमध्ये), पायाखाली स्पंजासारखी काळी जमीन आणि वारा असा की कानटोपी मस्ट.

पहिल्या नजरेत वाटलं, इथे आहे काय? मग दुर्बीण लावली. वर आभाळात चंडोल गातोय, झुडपांतून तिरचिमण्या उडतायत. कड्याखाली रिंग ऊझल, छातीवर पांढरी चंद्रकोर मिरवणारा काळा पक्षी. हिवाळा मोरोक्कोकडच्या डोंगरांत काढून स्वारी परतलेली. त्याच्या घरट्यांसाठी वसंतात कड्याचे काही भाग क्लाइंबर्सनी टाळावेत, अशा पाट्या इथे लावतात.

आणि मग कर्ल्यू! खाली वळलेली लांबलचक चोच, पाणी उकळावं तसा बुडबुडत चढत जाणारा आवाज. याचे जातभाई हिवाळ्यात आपल्या कोकणातल्या खाड्यांवरही येतात. मी कॅमेरा काढला आणि पायवाट सोडून आत घुसलो. दहा-पंधरा पावलं. तो डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडायला लागला.

“अरे गाढवा, थांब! घरटं असेल तिथे. आल्या पावली मागे ये.”

कर्ल्यू जमिनीवरच अंडी घालतो. ती कुठे होती, ते आम्ही शोधलंच नाही. शोधत बसलो असतो तर तेवढ्यात ती गार पडली असती. ब्रिटनमध्ये घरटी करणारे कर्ल्यू 1990 च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास निम्म्याने घटलेत. 2015 पासून ते तिथल्या धोक्याच्या लाल यादीत आहेत.

लहानपणी टिटवी डोक्यावर ओरडली की आजी म्हणायची, अपशकुन. बिचारी टिटवी! ती फक्त अंडी वाचवत होती. अपशकुन आम्हीच होतो.

दूर किंडर स्काउट दिसत होता. 24 एप्रिल 1932 ला शेकडो साध्या कामगारांनी बंदी मोडून तिथे पाऊल टाकलं, पाच जण तुरुंगात गेले. मोकळ्या मूरवर कुणालाही चालण्याचा हक्क कायद्याने दिला तो 2000 मध्ये. त्याच कायद्यात अटही आहे: 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा दोन मीटरच्या पट्ट्यातच हवा. हक्क मिळवायला लोक तुरुंगात गेले, आणि मला एका फोटोसाठी पायवाट सुटली.

परतताना ग्राऊस पुन्हा ओरडला, “गो बॅक!” या वेळी हसलो नाही. ऐकलं.

जायचंय? शेफील्ड किंवा मँचेस्टरहून हॅदरसेजची ट्रेन पकडा. दुर्बीण, रेनकोट, डबा न्या. आणि पायवाट सोडू नका, प्लीज!