पहाटे ३.४० ची नोंद

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आम्ही विहारातून परतलो, तर ओसरीवर वस्तीतली एक माउली बसलेली. तिचा मुलगा लोणावळ्यात एका पतसंस्थेच्या शाखेत कंत्राटी कामाला. "भाऊ, पोराला घरी बसवलंय. म्हणत्यात, पहाटे तीन-चाळीसला संगणक उघडून नोंद बदलली. तवा पोरगं माझ्यापाशी झोपलं होतं!" आईची साक्ष कोण मानतो?

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या वतीने आम्ही वडगावला मुख्य कार्यालयात गेलो. आम्हांला खतावणी कळते, लिनक्स कळत नाही. तिथल्या तंत्रज्ञाने समजावले. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दात्यांची नावे-गावे कोरली आहेत, ती दोन हजार वर्षांत कोणी खोडली नाहीत. संगणकातली नोंद मात्र यंत्र ज्याच्या हाती त्याला पुसता येते. म्हणून शाखेतल्या यंत्रावर कोण आले, कोण गेले, याची प्रत लगोलग वडगावच्या यंत्राकडे जाते. या पद्धतीला सिसलॉग म्हणतात. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे ती केली.

साहेबांनी ती एकच ओळ पुढे केली. आम्ही म्हटले, अख्खे पान दाखवा. कारकुनाची खोड, दुसरे काय! पाहतो तर शाखेची शेवटची ओळ रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास. म्हणजे शाखा दुपारीच बंद होते की काय? ती तर संध्याकाळी सहापर्यंत उघडी असते.

तंत्रज्ञ चपापला. त्याने शाखेत फोन करून 'लॉगर' या आज्ञेने एक चाचणीची ओळ पाठवायला सांगितली. भिंतीवर साडेअकरा वाजले होते; वडगावला ओळ उमटली ६.०० ची. साडेपाच तासांचा फरक! जूनमध्ये शाखेतले यंत्र नव्याने बसवताना त्यावर जागतिक वेळच राहून गेली होती. ओळीचा जुना साचा २००१ साली आरएफसी ३१६४ मध्ये लिहून ठेवलेला. त्यात ना साल, ना कुठल्या देशाची वेळ. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये ती सोय आहे, पण इथे जुनाच साचा चालू होता.

पहाटेचे ३.४० म्हणजे सकाळचे ९.१०. हजेरीपटावर मुलाची सही ९.०५ ची. दुरुस्तीचे व्हाउचरही फायलीत सापडले, अधिकाऱ्याच्या सहीसह.

मग दोन दिवसांच्या ओळीच गायब, त्या याने पुसल्या, असा दुसरा आरोप निघाला. ओळी यूडीपीने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जात. ही साधी टपाल. हरवली तरी पाठवणाऱ्याला कळत नाही. त्या दोन दिवशी पावसाने लाइन बंद होती, त्याची तक्रार शाखेच्याच वहीत निघाली. आता यंत्रावर भारतीय वेळ लावली आहे, ओळी टीसीपीने जातात आणि लाइन बंद पडली तर रांगेत साठून राहतात.

मुलगा कामावर गेला. घरी बसवलेल्या नऊ दिवसांचा पगार अजून मिळालेला नाही. अर्ज आम्ही दिला आहे, आणि त्याची पोच शिक्क्यासह घेतली आहे.