मुसल्ल्याची शिवण

आमच्या घरी दादांचा एक मुसल्ला आहे. बकऱ्याची दोन कातडी केसांसकट कमावून, मधोमध जोडून केलेला. गेल्या रमजानमध्ये त्याची मधली शिवण वीतभर उसवली. शिंप्याने हात जोडले, मशीनची सुई मोडेल म्हणाला. मग मी बसस्टँडजवळ बसणाऱ्या मोचीकाकांकडे गेले. त्यांनी कातडं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "याले आरी नाही चालत, मॅडम. चामडं पातळ आहे, भोक मोठं पडन."

उर्दूच्या तासाला मी सुई-धागा म्हणते, मराठीच्या तासाला सुई-दोरा. पण सुई म्हणजे नेमकी कोणती, हे मला काकांनी शिकवलं. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात पोती शिवायचं दाभण घरोघरी असतं. ते इथे उपयोगाचं नाही, फार जाड. चपलेची आरी टोकाला खाच असलेली, ती जाड तळव्यासाठी. घरातली गोल टोकाची सुई कापडाचे धागे बाजूला सारून आत जाते. कातड्यात बाजूला सारण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे ती अडकते किंवा वाकते. लागते ती तिधारी टोकाची बारीक सुई. ती कातडं कापत जाते. म्हणूनच जपावं लागतं, कारण कापडातलं भोक धुतल्यावर मिटतं, कातड्यातलं जन्मभर राहतं. टाके फार जवळ घेतले तर पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी ओळ पडते आणि कातडं तिथेच फाटतं.

दोऱ्याचा प्रश्न त्याहून नाजूक. दादांचा मुसल्ला तुरटी आणि मीठ लावून कमावलेला. अशा कातड्यात थोडा आंबटपणा राहतो, तो सुती दोऱ्याला हळूहळू खातो. उसवलेला दोरा मी चिमटीत धरला तर त्याची पूडच झाली. बाकी कातडं धडधाकट. नायलॉन मजबूत खरं, पण ते ताणतं आणि पातळ कातड्याला चिरत जातं. दोरा कातड्यापेक्षा बलवान नसावा, असं काकांचं म्हणणं. आधी दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतं, आधी कातडं फाटलं तर काय शिवणार? शेवटी पॉलिएस्टरचा मध्यम दोरा घेतला आणि मधमाशीच्या मेणावरून दोनतीनदा ओढला. मेणाने दोरा गुंतत नाही आणि घातलेला टाका जागेवर बसतो.

शिवायचं मागच्या, म्हणजे मांसाच्या बाजूने. दोन्ही कडांचे केस एकाच दिशेला वळलेले आहेत ना ते आधी पाहायचं. मग सुईच्या टोकानेच केस आत सारत, कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटर आत, कडेवरून गुंडाळत टाके घ्यायचे. करकचून ओढायचं नाही. झाल्यावर शिवण बोटाने दाबून सपाट करायची आणि वरून केस विंचरायचे. जोड शोधूनही सापडत नाही. अंगुस्ताना मात्र हवाच. माझ्या अंगठ्याला अजून घट्टा आहे.

काकांना विचारलं, मुलगा हे काम करतो का? "नाही, आणि करू बी नये," ते म्हणाले. मला हे उत्तर आवडलं आणि दुखलंही. आमच्या वर्ध्याजवळच्या नालवाडीत 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं बाभळीच्या सालीसारख्या गावातल्या वस्तूंनी कमवायचं, आणि सवर्णांनीही या कामाला हात लावायचा, हा गांधीजींचा आग्रह. त्याआधीच, 1927 मध्ये, बाबासाहेबांच्या महाडच्या परिषदेने मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडून देण्याचा रस्ता दाखवला होता. मला दोघांचं म्हणणं कळतं. पण ज्याच्या माथी हे काम जन्मानेच मारलं गेलं, त्याने कौशल्याचं कौतुक ऐकत तिथेच बसावं, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? हुनर टिकवायची हौस असेल तर माझ्यासारख्या पगारदारांनी सुई हातात घ्यावी. आपल्या रसूलुल्लाहंच्या सीरतमध्ये ते स्वतःचे जोडे स्वतः गाठत असं येतंच. आम्ही ते वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो आणि जोडा मात्र मोच्याकडे टाकतो.

हे सगळं लिहायचं कारण बकरी ईद. माझ्या लहानपणी मदरशाची मुलं कातडी न्यायला दुपारपर्यंत दारात हजर असत. आता भाव इतका पडलाय की आमच्या मोहल्ल्यात कित्येक कातडी खड्ड्यात जातात. हनफी मसला साधा आहे: कुर्बानीचं कातडं घरात वापरता येतं, कुणाला देता येतं, विकलं तर पैसे सदका करायचे, आणि खाटकाला मजुरी म्हणून द्यायचं नाही. कमावलेलं कातडं पाक, त्यावर नमाज होते. (शेजारच्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्यातही मृगाजिनावर बसायचेच की.) यातला पहिला पर्याय आपण विसरूनच गेलो आहोत.

यंदा एक कातडं मी ठेवणार आहे. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी: कातडं निघाल्यावर दोन-तीन तासांच्या आत मांसाच्या बाजूला जाडं मीठ सढळ हाताने चोळा, कडा आणि मानेचा भाग विसरू नका, आणि सावलीत तिरकं पसरा म्हणजे पाणी निथळेल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर एका रात्रीत केस गळतात. चुना लावू नका, चुना केस काढण्यासाठीच असतो. तिधारी सुई आमच्या इथे साध्या दुकानांत मिळाली नाही, चामड्याचं सामान विकणाऱ्याकडे मिळाली. दोन-तीन एकदम घ्या, धार बोथट होते.