मुनवा कोणत्या बागेतला? इन्स्टॉलर फाइलच्या भरवशाविषयी

म्हैसूरच्या दक्षिणेस, कपिला नदीच्या काठी वसलेले नंजनगूड दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक, श्रीकंठेश्वराचे देऊळ. कन्नडमध्ये ‘नंजु’ म्हणजे विष आणि ‘नंजुंड’ म्हणजे विष प्राशन केलेला. गावाचे नावच नीलकंठावरून पडले आहे. दुसरी गोष्ट, भौगोलिक मानांकन मिळालेली येथील ‘रसबाळे’ केळी. या केळीच्या बागा मर रोगाने, म्हणजेच पनामा रोगाने, फार आक्रसल्या. केळीची लागवड मुनव्यांपासून होते आणि या रोगाची बुरशी मातीबरोबर व मुनव्यांबरोबर प्रवास करते. रोगट बागेतून काढलेला मुनवा वरून हिरवागार, टवटवीत दिसू शकतो. म्हणून जाणता बागायतदार त्याच्या रूपावर जात नाही. तो विचारतो, हा मुनवा कोणत्या बागेतला? जळगावचा शेतकरी उतिसंवर्धित रोपे घेताना प्रयोगशाळेचे नाव पाहतो, तेही याच कारणाने.

संगणकावर उतरवून घेतलेली इन्स्टॉलर फाइल हाही एक मुनवाच होय. तिचे चिन्ह ओळखीचे असते, नाव बरोबर असते, आकारही शंका येण्याजोगा नसतो. ती उघडताच संगणक एक प्रश्न विचारतो: या प्रोग्रामला बदल करण्याची परवानगी द्यावी काय? ‘होय’ म्हटले की त्या फाइलला प्रशासकाचे अधिकार मिळतात. त्यानंतर ती शब्दसंपादक बसवील, की त्याबरोबर टंकलेली प्रत्येक अक्षरकळ टिपणारा हेरही बसवील, हे वापरणाऱ्याला दिसत नाही. सारा निर्णय त्या एका टिचकीपूर्वी घ्यायचा असतो.

या निर्णयाची किंमत केवढी असू शकते, हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१७ साली दिसले. २७ जून रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या एपीएम टर्मिनल्स या कंपनीकडे होते. कंटेनर उतरवण्याचे काम संगणकाविना करण्याची पाळी आली. या अरिष्टाचा उगम हजारो किलोमीटर दूर, युक्रेनमध्ये होता. तेथे कर व हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले होते. त्यांनी अधिकृत अद्ययावत आवृत्तीतच चोरदरवाजा ठेवला आणि त्यातून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम सोडला. एकदा आत शिरल्यावर तो जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. ज्यांच्या संगणकावर तो प्रथम उतरला त्यांनी कोणत्याही संशयास्पद जागेवरून काही घेतले नव्हते. फाइल योग्य बागेतून आली होती. बागच बाधित होती.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला साहजिकच प्रश्न पडतो. फाइलच्या आत पाहून ती घातक आहे की नाही, हे सांगणारा अचूक प्रोग्राम लिहिता येणार नाही काय? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण संगणकांच्या अपुऱ्या वेगात नाही. फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली संगणकीय विषाणूंवरील शोधनिबंधात ते मांडले. युक्तिवाद सोपा आहे. समजा, असा अचूक परीक्षक अस्तित्वात आहे. आता एक खट्याळ प्रोग्राम लिहू: तो प्रथम त्या परीक्षकालाच विचारतो, ‘मी घातक आहे काय?’ उत्तर ‘होय’ आले तर तो काहीच करत नाही. ‘नाही’ आले तर तो नासधूस करतो. परीक्षकाने काहीही उत्तर दिले तरी ते चुकीचे ठरते. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवलेल्या मर्यादेचेच हे एक रूप आहे.

याचा अर्थ अँटिव्हायरस निरुपयोगी, असा नव्हे. पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी १९९०च्या दशकात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून ‘क्विक हील’ उभे केले, ते याच कामासाठी. असे प्रोग्राम ज्ञात घातक फाइलींच्या खुणा ओळखतात आणि संशयास्पद वर्तन हेरतात. ‘व्हायरसटोटल’सारख्या सेवेवर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी तपासून घेता येते. तथापि तेथे ‘काही आढळले नाही’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा: आजवर कोणाच्या लक्षात काही आलेले नाही. कालच जन्मलेल्या घातक फाइलीलाही हेच प्रमाणपत्र मिळू शकते.

म्हणून ‘ही फाइल चांगली आहे काय?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ज्यांची उत्तरे मिळू शकतात असे दोन प्रश्न विचारावे लागतात. फाइल वाटेत बदलली आहे काय? आणि ती कोणी पाठवली?

पहिल्याचे उत्तर हॅश देते. ‘एसएचए-२५६’ हे गणिती फलन कितीही मोठी फाइल घेऊन तिचा २५६ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीच्या ६४ चिन्हांचा ठसा काढते. फाइलमधील एकच बिट बदलले, तरी ठशातील सुमारे निम्मे बिट बदलतात. विंडोजमधील पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा दिली की हा ठसा काही क्षणांत मिळतो. निर्मात्याने जाहीर केलेल्या ठशाशी तो तंतोतंत जुळला, तर फाइल तीच आहे. मात्र जुन्या फलनांवर आता विसंबता येत नाही. २०१७ साली गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइलींचा एसएचए-१ ठसा एकच येतो, हे प्रत्यक्ष करून दाखवले.

हॅशची खरी दुबळी जागा मात्र गणितात नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि लोकांना चोरदरवाजा असलेल्या फाइलीकडे वळवले. जो फाइलीचा दुवा बदलू शकतो, तो त्याच पानावर छापलेला ठसाही बदलू शकतो. आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे असतील, तर साक्षीला अर्थ राहत नाही. ठसा शक्यतो दुसऱ्या वाटेने मिळवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डिजिटल स्वाक्षरी देते. निर्माता फाइलीच्या हॅशवर आपल्या गुप्त किल्लीने मोहोर उठवतो. जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. विंडोजमध्ये फाइलीच्या गुणधर्मांत ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या मथळ्याखाली निर्मात्याचे नाव दिसते. ते नाव अपेक्षित असलेलेच आहे काय, हे वाचणे महत्त्वाचे. केवळ स्वाक्षरी ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. उलट, स्वाक्षरी नसली म्हणून फाइल वाईट ठरत नाही. प्रमाणपत्राला पैसे पडतात, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक छोटे प्रकल्प विंडोजसाठी स्वाक्षरी करतच नाहीत.

आणि मोहोर खरी असूनही माल विषारी असू शकतो. २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’वर तैवानमधील दोन कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रे वापरून स्वाक्षरी केलेली होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ‘सीक्लीनर’ची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत जागेवरून, निर्मात्याच्या वैध स्वाक्षरीसह वितरित झाली; तिच्यात घातक भाग मिसळलेला होता आणि ती सुमारे २२ लाख संगणकांवर पोहोचली. हॅश जुळला असता, स्वाक्षरी पटली असती. हॅश फाइलीचे अखंडत्व सांगतो, स्वाक्षरी उगम सांगते. हेतू दोन्हींपैकी कोणीच सांगत नाही.

अशी टोकाची उदाहरणे तुलनेने विरळ आहेत, हेही ध्यानात ठेवावे. बहुतेकांचा घात फार साध्या ठिकाणी होतो. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा जाहिरात असतो आणि तो हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्याच संकेतस्थळावर नेतो. ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ या फाइलीचे शेवटचे उपपद विंडोज लपवते आणि ती पीडीएफ असल्याचा भास होतो. महागडे सॉफ्टवेअर फुकट मिळावे म्हणून घेतलेला ‘क्रॅक’ अँटिव्हायरस बंद करण्याची अट घालतो. मोबाइलवर तर लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या एपीके फाइलींविषयी गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांच्या पोलिसांना इशारे द्यावे लागले. पत्रिका हे चित्र असते किंवा पीडीएफ. तिला स्थापित होण्याची गरज नसते. एवढा एक विचार वेळीच सुचला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांची पुंजी वाचते.

सगळी पडताळणी झाल्यावरही जी शंका उरते, तिचे काय करावे? नंजनगूडच्या देवाची कथा येथे आठवते. नीलकंठाने हलाहल गिळले नाही आणि जगावर थुंकलेही नाही. ते कंठात अडवून ठेवले. संगणकशास्त्रातही हीच सोय आहे. आभासी यंत्रात किंवा ‘विंडोज सँडबॉक्स’मध्ये शंकास्पद फाइल चालवली, तर ती मूळ संगणकापासून बऱ्याच अंशी वेगळी राहते आणि सँडबॉक्सची खिडकी बंद करताच त्यातले सारे पुसले जाते. काही घातक प्रोग्राम आपण आभासी यंत्रात आहोत हे ओळखून गप्प बसतात, म्हणून हाही अंतिम निवाडा नव्हे. म्हणून रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नये, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी.

या शेवटच्या सवयीचे मोल मर्स्कला कळले. नॉटपेट्याने कंपनीच्या वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे मुख्य सर्व्हर जगभर पुसून टाकले होते. घानामधील एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरील प्रतीच्या आधाराने पुनर्बांधणी झाली. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. घानात जे वीज गेल्याने घडले, ते एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधाच्या फाइलींसाठी दर आठवड्याला पाच मिनिटांत स्वतः करता येते.

ती पाच मिनिटे, ठसा जुळवण्याचे एक मिनिट, आणि ‘होय’ म्हणण्यापूर्वी बागायतदाराचा तो जुना प्रश्न: हा मुनवा कोणत्या बागेतला, आणि मधल्या वाटेत कोणाच्या हाती होता?