मागे राहिलेले दोघे

तळोजा हे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, कारखाने आणि कारागृह. येथे राहणाऱ्यांना तिसरीही एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे रात्रपाळी. आमच्या लहानशा धर्मग्रामातील कितीतरी गृहस्थ औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. बाप सकाळी घरी येतो तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात. मुले परततात तेव्हा तो झोपलेला असतो. घरभेटीस गेलो असता तोंडावर बोट ठेवून हळूच दार उघडणाऱ्या मातांची आम्हांला आता सवय झाली आहे.

आमच्या मुलांना रानाची ओळख व्हावी तरी कशी? ऑगस्ट 2017 मध्ये कासाडी नदीच्या परिसरात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि तळोज्याचे नाव जगभर झाले. रंगाचे सांडपाणी नदीत सोडले जात होते, त्यात ती मुकी जनावरे उतरत होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या वेळी एका मुलीने कुत्र्याचे चित्र निळ्या खडूने रंगविले होते, ते आम्ही विसरू शकलो नाही.

म्हणून नाताळनंतरच्या एका शनिवारी धर्मग्रामातील कुटुंबांना घेऊन रानवाटेने चालण्याचा बेत आम्ही आखला. युवकांचा आग्रह खारघरच्या पांडवकड्याचा होता. तो धबधबा पावसाळ्यात ओढ घेणारा खरा. पण त्याने आजवर अनेक तरुण जीव घेतले आहेत आणि पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदी असते. शिवाय हिवाळ्यात त्याला पाणी कुठले? शेवटी कर्नाळा ठरले.

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने सुमारे 12 किलोमीटर गेले की कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. वाटेत शिरढोण हे गाव आहे. 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथेच झाला. 1968 साली हे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज त्याचा विस्तार सुमारे 12 चौरस किलोमीटर आहे. प्रवेशद्वारावर प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद करून अनामत रक्कम घेतात आणि त्या वस्तू परत आणून दाखविल्या की रक्कम परत मिळते. ही पद्धत आम्हांला फार आवडली. आत ‘हरियाल’ आणि ‘मोरटाका’ या नावांच्या दोन निसर्गवाटा आहेत. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचे हिरवे कबुतर, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तिसरी वाट चढत चढत किल्ल्यावर जाते. पुरंदरच्या तहात 1665 साली मोगलांकडे गेलेल्या 23 किल्ल्यांत कर्नाळा होता आणि 1670 साली तो पुन्हा स्वराज्यात आला. माथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला, सुमारे सव्वाशे फुटांचा काळा सुळका पनवेलहूनही नजरेस पडतो.

लहानथोर मिळून 37 जण होते. पुण्यास सेमिनरीत असताना सुट्टीच्या दिवशी सिंहगड चढण्याचा आमचा परिपाठ होता आणि पहिल्या पाचांत पोहोचण्याचा आम्हांला अभिमान असे. वय पन्नाशीपार गेले तरी तो अभिमान उतरलेला नाही, हे त्या दिवशी कळले. युवकांबरोबर आम्ही पुढे निघालो. साग, ऐन, कुंभा अशा वृक्षांतून वाट वर चढत होती. ऊन कोवळे होते. मागून मुलांचे आवाज येत होते. मग ते येईनासे झाले, आणि ते येईनासे झाल्याचे आमच्या ध्यानातही आले नाही.

चढ तीव्र होतो तेथे थांबून आम्ही शिरगणती केली. 35 भरली. पुन्हा मोजली, तरी 35. एक गृहस्थ आणि त्याचा सहा वर्षांचा मुलगा मागे राहिले होते. त्याची पत्नी धाकटीला कडेवर घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही, परंतु तिच्या चेहऱ्याकडे आम्हांला पाहवेना. किल्ल्यावर पूर्वी गेलेल्या दोघा अनुभवी युवकांवर मंडळींना सोपवून, सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात तेव्हा तेथे गोंगाट अगर धूर करू नये, अशी ताकीद देऊन आम्ही उलट पावली उतरू लागलो.

नव्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधावयास गेलेल्या मेंढपाळावर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने दिली आहेत. तो मेंढपाळ वाटेत रागावला होता, असे शुभवर्तमानात कोठेही नाही. आम्ही मात्र रागावलो होतो. गुडघे दुखत होते आणि मनात शब्द जुळत होते.

अर्ध्या तासाने ते दिसले. एका झाडाखाली बापलेक बसले होते. मुलाच्या सँडलचा पट्टा तुटला होता आणि बापाने तो आपल्या रुमालाने बांधून दिला होता. एवढे काम पाच मिनिटांचे. “कुठे होता तुम्ही? वर सारे खोळंबले आहेत,” आम्ही म्हणालो. तो गृहस्थ झटकन उठून उभा राहिला आणि हात जोडू लागला. कारखान्यात साहेबांपुढे तो असाच उभा राहत असावा. मुलगा बापाकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरील हसू हळूहळू मावळत होते. ते आम्ही पाहिले आणि आमचे आम्हांलाच ओशाळल्यासारखे झाले.

“फादर,” मुलगा धीर करून म्हणाला, “पप्पांना पक्ष्यांची भाषा येते.”

तेव्हा उलगडा झाला. समोरच्या फांदीवर एक काळा पक्षी येऊन बसला होता. त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके होते. तो भृंगराज, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढण्यात याचा हात कोणी धरणार नाही. “आमच्याकडं हा नव्हता, फादर. साधा कोतवाल असायचा,” तो गृहस्थ सांगू लागला. बालपणी संगमनेरकडच्या माळावर त्याने शेळ्या राखल्या होत्या आणि तितराला शीळ घालून बोलावण्यात त्याचा हातखंडा होता. तीच शीळ तो आज मुलाला ऐकवीत होता. आपला बाप झोपतो आणि कामावर जातो, एवढेच त्या मुलास ठाऊक होते. बापाला असे काही येते, हे त्याला सहा वर्षांत कळले नव्हते.

“तुम्ही पुढं व्हा, फादर. आम्ही येतो सावकाश,” तो म्हणाला. वर निरोप धाडण्यासाठी आम्ही दूरध्वनी लावला. सुदैवाने तो लागला. मग आम्ही त्यांच्याशेजारी बसलो. त्या दिवशी आम्ही किल्ल्याचा माथा गाठला नाही.

कामगारांचे आणि डोंगरवाटांचे नाते जुने आहे. इंग्लंडात मँचेस्टरच्या परिसरातील कामगार तरुण 24 एप्रिल 1932 रोजी शेकडोंच्या संख्येने किंडर स्काउट या डोंगरावर चढून गेले. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता; काहींना तुरुंगवास घडला. पुढे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि 1951 साली तोच मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. आज तेथे कुटुंबेच्या कुटुंबे रानावनांतून निर्धास्त चालतात. धूर ओकणाऱ्या नगरातील माणसांना मोकळ्या हवेचा एक दिवस किती मोलाचा वाटतो, हे आम्हां तळोजेकरांना वेगळे सांगावयास नको.

आता आमचे नियम बदलले आहेत. सर्वांत लहान मूल पुढे चालते आणि त्याच्या पावलांनी बाकीचे चालतात. सर्वांच्या मागे आम्ही असतो. निघावयाचे पहाटे, पायांत घट्ट बूट, मुबलक पाणी, अंगावर अत्तर नाही. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरते. ती झाली की असू तेथून मागे फिरावयाचे. चिमुकली असतील तर किल्ल्याचा हट्ट न धरता निसर्गवाटाच पुरे.

परवा त्या घरी गेलो होतो. मातेने तोंडावर बोट ठेवून दार उघडले. आत तो गृहस्थ झोपला होता. मुलगा चवड्यांवर चालत आमच्यापाशी आला आणि कानात म्हणाला, की पप्पा शीळ शिकवीत आहेत. मग ओठांचा चंबू करून त्याने फुंकर घातली. नुसती हवाच निघाली.