गणतीचे ऋण

‘पुरावा’ म्हटले की न्यायालय आठवते. पाळणा आठवत नाही. गडचिरोलीच्या खेड्यांनी मात्र हा शब्द पाळण्यापाशी आणला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात तेथील नवजात मृत्यूंचा अभ्यास केला. ३९ गावांत गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन घेणे, ऊब राखणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची चिन्हे ओळखून प्रसंगी इंजेक्शन देणे, ही शुश्रूषा त्यांनी घरोघरी केली. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले मृत्यूंचे प्रमाण अखेरच्या वर्षी २५.५ वर उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या पुराव्याला दुसरी बाजूही आहे. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत केवळ नेहमीच्या आरोग्यसेवा होत्या. तेथील प्रमाण साठाच्या आसपासच राहिले. पहिल्या आकड्याला अर्थ येतो तो या दुसऱ्या आकड्यामुळे. तुलनेवाचून सिद्धता नाही, हे शास्त्राचे म्हणणे खरेच. पण त्या साठांतील प्रत्येक एकामागे एक रिकामी झोळी होती, हेही तितकेच खरे. म्हणून सिद्ध झालेले ज्ञान हे ज्ञात्यावरचे ऋण ठरते. ‘आशा’ कार्यकर्तींच्या हाती नवजात बालकांच्या गृहाधारित सेवेचा देशव्यापी कार्यक्रम आला तो २०११ मध्ये. निबंध आणि पाळणा यांमधले अंतर कापायला बारा वर्षे लागली. त्या वर्षांची गणती कोणत्याही तक्त्यात नाही.