मांडवाविना वेल

देवगाव रंगारीला आमच्या दारातल्या बोगनवेलीला ना मांडव आहे, ना भिंत. छातीपर्यंत सरळ खोड आणि वर गुलाबी घेर. नवखा माणूस हमखास विचारतो, "झाड कशाचं हो?" सांगितलं की बुडापासून शेंड्यापर्यंत बघत म्हणतो, "मग वेल कुठंय?"

कन्नड तालुक्याचा हा आमचा कपाशी-मक्याचा मुलूख. मे महिन्यात अंगणात पाय ठेववत नाही. जाई-जुईचे लाड इथे परवडत नाहीत, बोगनवेल मात्र खुशाल फुलते. मूळची ती ब्राझीलची. 1767 साली फिलिबेर कोमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ती तिथे दिसली आणि त्याच्या सागरी मोहिमेचा प्रमुख बूगँव्हील, त्याचं नाव तिला चिकटलं.

तिचं झाड करायचं तर एकच जोमदार, सरळ फुटवा ठेवायचा, बाकीचे बुडातून काढायचे. शेजारी बांबू रोवायचा. बांधायला तार नको, साल कापते; जुन्या लुगड्याची चिंधी बरी, तीही सैल. द्राक्षबागेत काढतात तशी खोडावरची बगलफूट काढत राहायचं. हवी ती उंची आली की शेंडा खुडायचा. खालचे डोळे फुटतात, त्या फांद्यांचेही शेंडे मारले की माथा भरतो. एवढं करूनही वेलीची खोड जात नाही. पावसाळ्यात बुडातून पानसोट असे उसळतात, की आठवडाभर कात्री विसरली तर पुन्हा झुडूप.

"वेलीवर जुलूम करता तुम्ही," असं आमच्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी म्हणतात. मला पटत नाही. रानात ही बाई काट्यांचे आकडे रोवून दुसऱ्याच्या अंगावर चढते, तेव्हा त्या झाडाला कोण विचारतं?

फुलांचं गणित आमच्या मोसंबीवाल्यांना न शिकवता कळतं. पाणी तोडलं, ताण दिला, की बहार. भरपूर पाणी पाजलेली बोगनवेल नुसती पाल्यावर जाते. आणि ज्याला आपण फूल म्हणतो तो गुलाबी कागद म्हणजे रंगलेली पानंच. तीन-तीनच्या झुबक्यात, शिरा स्पष्ट दिसणारी. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढी पांढरी चांदणी. खरं फूल तेवढंच. लांबून ते कुणालाच दिसत नाही, आणि वासही नसल्यामुळे जवळ जायचं कुणाला सुचत नाही.

लावणार असाल तर दिवसभर ऊन लागेल अशा जागी लावा. खोड मनगटाएवढं होईपर्यंत बांबू काढू नका. वाऱ्याने माथा हलतो आणि खोड वाकतं. आणि येण्या-जाण्याच्या वाटेवर तर लावूच नका. घेराच्या फांद्या नेमक्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, आणि काटा बोगनवेलीचा आहे.