खारपाणपट्ट्यातून समुद्रावर

आमचे गाव शेगाव तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्यासाठी दूर जावे लागे. आमच्या घरी ते काम थोरल्या ताईचे. माय-बाबा मजुरीला जात. ताई डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन दोन-तीन खेपा करी. तेवढ्यात शाळेची घंटा वाजून जाई. पाचवीनंतर तिचे नाव कमी झाले. माझे राहिले.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केले आणि पुढे कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून एका संशोधन जहाजावर लागलो. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. ‘गवेषणी’ १९७६ साली, ‘सागर कन्या’ १९८३ साली, ‘सिंधु साधना’ २०१४ साली, अशी जहाजे देशाने समुद्राच्या अभ्यासासाठी कामाला लावली.

आमच्याकडच्या पोराला पोहणे कुठून येणार? प्रशिक्षणात जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची होती. पाय लटपटले, तरी मारली. आग विझवणे, प्रथमोपचारही शिकलो. जहाजावर पहिले तीन दिवस नुसत्या उलट्या. वाटले, शेगावची गाडी धरावी. पण पाळी रात्री-बेरात्री येतेच.

माझ्याकडे सीटीडी नावाचे यंत्र होते. ते पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजते. भोवती गोल चौकटीत नळ्यांसारख्या बाटल्या असतात. दोन्ही झाकणे उघडी ठेवून यंत्र तारेने मिनिटाला साधारण ६० मीटर या वेगाने खाली सोडायचे. वर येताना हव्या त्या खोलीवर बटण दाबले की बाटली मिटते. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटरपर्यंत प्राणवायू फार कमी असतो. तिथले पाणी असेच वर आणतात.

एका रात्री मी एका बाटलीची हवेची चावी बंद करायला विसरलो. बाटली वर आली आणि पाणी गळून गेले. पुन्हा तासाभराचे काम. माझी चूक मी कबूल केली. त्या दिवसापासून प्रत्येक चावीला हात लावून मोजतो.

यंत्र वर आले की ते गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर मीठ त्याला खाते. हे गोडे पाणी जहाजावर समुद्राच्याच पाण्यापासून तयार करतात. पहिल्यांदा नळी हातात धरली तेव्हा ताईचा हंडा आठवला. यंत्रावरून ते पाणी वाहून गेले आणि माझा हात थांबला.

सुट्टीत घरी गेलो. ताईने विचारले, “समुद्राचं पानी आपल्या विहिरीपेक्षा लय खारं असते काय रे?” मी सांगितले, एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, असे आपले मानक सांगते. ताई म्हणाली, “मले जिभेनंच कळे.”

भाची ऐकत होती. म्हणाली, “मामा, मलेही हे शिकायचं हाय.” घरात गलका झाला. पोरीची जात, समुद्रावर कशी राहणार? मी डॉ. अदिती पंतांचे सांगितले. नागपुरात जन्मलेल्या या समुद्रशास्त्रज्ञ १९८३ साली निघालेल्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ताही सोबत होत्या. भारताच्या मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया.

आपल्या मुलामुलींनी दहावीपर्यंत गणित-विज्ञान सोडू नये. आयटीआय किंवा डिप्लोमा करावा, संशोधन संस्थांच्या जाहिराती पाहाव्यात, आणि जमेल तिथे पोहायला शिकावे. माझी तीच अडचण झाली होती.

भाचीच्या डिप्लोमाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. भाऊजी गप्प होते. ताईने पेन घेतला. अक्षरे जुळवायला तिला वेळ लागला. आम्ही कोणी घाई केली नाही.